चैतातला साग आणि वीस बाजूंचा फासा

निन्टेंडोचा ‘फायर एम्ब्लेम’ १९९० साली जपानमध्ये आला. त्यात नकाशावरच्या जंगलाच्या चौकटीत उभ्या असलेल्या सैनिकावर घाव बसण्याची शक्यता कमी होई आणि त्या चौकटीतून चालायला जास्त चाल खर्च होई. झाडं आडोसा देतात, वेग खातात. हा साधा हिशेब डावपेचांच्या अनेक खेळांत दिसतो. आमच्या चंद्रपूरच्या गटानं १८५८ च्या चांदा जिल्ह्याचा नकाशा टेबलावर मांडला, तेव्हा सगळ्यात आधी मोडला तो हाच हिशेब.

आमचा खेळ संगणकावरचा नाही. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा, चौकटी आखलेला मोठा पुठ्ठा आणि त्याभोवती बसलेली कॉलेजची पोरं. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डाव चालवतो. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा उभा पडदा असतो आणि शत्रू कुठं दबा धरून बसलाय, नाल्यात पाणी आहे की नाही, वारा कुठून वाहतोय, हे त्या पडद्याआडच्या कागदांवर लिहिलेलं असतं. त्या पडद्यामागं मी बसतो.

ही पद्धत जुनी आहे. प्रशियात गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी युद्धखेळाचं एक टेबल बनवलं होतं. त्यावर डोंगर, नदी, वाट असे जमिनीचे तुकडे हवे तसे जुळवता येत. पुढं १८२४ मध्ये त्यांच्या मुलानं तोच खेळ नकाशावर आणला आणि मध्ये पंच बसवला. पंचाला सगळं रणांगण दिसायचं, खेळणाऱ्याला त्याच्या तुकडीला दिसेल तेवढंच. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, तो याच परंपरेतून. म्हणजे जमीन हाच या खेळांचा जन्मापासूनचा पाया. फक्त ती जमीन कुणाची, हे त्या टेबलावर कुणी विचारत नव्हतं.

आम्ही १८५८ निवडलं त्याचं कारण बाबुराव शेडमाके. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा गोंड तरुण. त्यानं जंगोम दल उभारलं, गोंड, माडिया आणि रोहिले जमवले, राजगड परगणा ताब्यात घेतला आणि इंग्रजांच्या फौजेशी मार्च-एप्रिलमध्ये लढाया दिल्या. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ ही नावं आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतात. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याच्या सोबत होता. एक नियम गटानं पहिल्याच बैठकीत केला: गेल्या चार-साडेचार दशकांत याच जंगलात जी माणसं मारली गेली, त्यावर डाव मांडायचा नाही. ज्यांची घरं अजून त्या दुःखात आहेत, त्यांच्यासमोर फासे टाकणं आम्हाला जमणार नाही.

आता तो मोडलेला हिशेब. लढाया मार्च-एप्रिलच्या. पुठ्ठ्यावर जंगल हिरवं रंगवलेलं आणि प्रत्येक हिरव्या चौकटीला आडोशाचे गुण दिलेले. वनरक्षकाच्या घरात वाढलेला एक पोरगा नकाशाकडं बघत म्हणाला, “हे कोन्त्या महिन्यातलं जंगल हाय गा? चैतात साग नागडा रायते.” बरोबर होतं त्याचं. आपल्याकडचा साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पान टाकतो. जिथं पावसाळ्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, तिथं एप्रिलमध्ये खोडांमधून पार पलीकडचा नाला दिसतो. आडोसा उरतो तो बांबूच्या रांजीत आणि मोठ्या खडकाआड. त्याच दिवशी आम्ही सागाच्या चौकटींवर तपकिरी रंग फासला आणि आडोशाचे गुण काढून टाकले.

पण जंगल एका हातानं घेतं तर दुसऱ्या हातानं देतं. खाली घोट्याइतका वाळका पाला असतो. त्यावर बूट पडला की आवाज दूर जातो. म्हणून नियम आला: पाल्याच्या चौकटीत पाऊल टाकणाऱ्याची चाहूल लागते का, यासाठी समोरच्याला एक फासा. नाल्याच्या वाळूतून गेलात तर फासा नाही. मग त्याच पोरानं पुढची भर घातली: साग उघडा असला तरी वर वानर बसलेलं असतं आणि ते आधी खाकरतं. खाली वाघ असो की माणूस, वानराच्या खाकरण्यानं आणि चितळाच्या हाकेनं अख्ख्या रानाला कळतं. जंगलात वाढलेल्या पात्राला त्या हाकेवरून दिशा आणि अंतर ओळखता येईल, बाहेरून आलेल्या शिपायाला ती नुसती रानातली गडबड वाटेल, असं ठरलं. ताडोब्यातले वाटाडे आज वाघ शोधतात तो याच हाकांवरून. टेबलावर बसलेल्या कुणालाही तो नियम समजावून सांगावा लागला नाही.

उंचीचा प्रश्न जास्त छळणारा निघाला. या बाबतीत बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा अनुभव आमच्या कामी आला. त्यांचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती दिला गेला. त्यात उंचावरून नेम धरणाऱ्याला मोठा लाभ होता: दोन फासे टाकायचे आणि चांगला धरायचा. खालून वर मारणाऱ्याला उलटं, दोनांतला वाईट. झालं काय, प्रत्येक चकमक शिडी गाठण्याची शर्यत होऊन बसली. खेळाडूंनी ओरड केली आणि ऑगस्ट २०२३ ची पूर्ण आवृत्ती येईपर्यंत तो लाभ नुसत्या दोन गुणांवर आला. वर असाल तर दोन जास्त, खाली असाल तर दोन कमी. जमिनीवर पसरणाऱ्या आगी, तेल, आम्ल यांचा पसाराही त्यांनी सुरुवातीच्या मानानं आवरला. याच स्टुडिओनं २०१४ च्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’मध्ये पावसानं आग विझवायला, पाण्यातून वीज सोडायला आणि विषारी वायूचा भडका उडवायला खेळाडूंना शिकवलं होतं. आपल्याच लाडक्या युक्तीला कात्री लावणं सोपं नसतं. मला त्यांच्या कामातला हा भाग फार मोलाचा वाटतो.

आमच्या नकाशावर मात्र टेकडीचे गुण दोनावर आणून भागेना. गढीसुर्ल्याच्या टेकडीची हकिकत आपल्याकडं सांगतात ती अशी: इंग्रजी फौजेनं पहाटे टेकडीला वेढा घातला, वरच्या लोकांनी शिळा लोटल्या आणि गोळ्यांचं बळ असलेली फौज खाली थोपून राहिली. ही टेकडी नेम धरण्यापुरती उंच नाही, ती स्वतःच हत्यार झालेली आहे. म्हणून आम्ही उंचीचे गुण दोनच ठेवले आणि शिळा वेगळ्या मोजल्या. प्रत्येक उतारावर ठरावीक शिळा. एक लोटली की एक कमी. कोणत्या घळीतून ती कशी घरंगळेल हे पडद्याआडच्या कागदावर, पण आदल्या दिवशी ज्यानं तो उतार पायांखाली घातला असेल, त्याला ते आधीच दाखवायचं. इंग्रजांच्या बाजूनं खेळणाऱ्यांना हे अन्यायाचं वाटलं. खरं तर इतिहासातला अन्याय त्याच्या उलट बाजूला होता: एकीकडं पगारी फौज आणि दारूगोळा, दुसरीकडं शिळा.

मग इंग्रजांच्या बाजूच्या एकीनं जे केलं, ते मला अजून थक्क करतं. ती चढलीच नाही. तिनं विचारलं, “वर पाणी आहे?” पडद्याआडच्या कागदावर नव्हतं. तिनं आपली माणसं पायथ्याच्या झिऱ्यावर बसवली आणि दिवस मोजायला लागली. चंद्रपूरचा एप्रिल म्हणजे पारा चाळिशीच्या पुढं, कधी पंचेचाळिशीच्याही. उघड्या खडकावर पाण्याशिवाय माणूस किती काळ टिकेल? दुसऱ्या बाजूच्या एकाला ‘डिव्हिनिटी’ आठवला. पलीकडच्या बोडीची पाळ फोडू आणि पायथा बुडवू, म्हणाला. लगेच तिरोड्याकडचा एक जण उसळला, “चैतात बोडीत पानी रायते का गा? पाळ फोडून चिखलच निघंल.” मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या या मुलखात कोणत्या महिन्यात कोणत्या तलावात किती पाणी असतं, हे ज्याच्या घरी धानाची शेती आहे त्याला तोंडपाठ असतं. त्या दिवसापासून आमच्या पुठ्ठ्यावर निळा रंग महिन्यानुसार बदलतो. चैतात तो फार थोडा असतो, आणि लढाई त्या थोड्याभोवती फिरते.

सगळ्यात मोठा वाद पेटला तो आगीवरून. खेळात आग सगळ्यांनाच आवडते. वाळका पाला आहे, वारा आहे, शत्रू खालच्या रानात आहे. एकानं ठिणगी टाकली आणि फाशानं साथ दिली. नियमाप्रमाणं वणवा दर फेरीला वाऱ्याच्या दिशेनं दोन चौकटी सरकत गेला. शिपाई पळाले, टेबलावर जल्लोष झाला. अहेरीकडची एक मुलगी मात्र गप्प होती. तिच्या घरची माणसं मोहफुलं वेचतात. ती म्हणाली, “त्या चौकटीत मोहाची झाडं होती. फुलं पडायचा महिना आहे. ते गाव आता वर्षभर काय खाणार?”

मोह, तेंदू, बांबू यांवर घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं जंगल हे वापरून टाकायचं हत्यार नसतं. मोहाखालचा पाला वेचणीसाठी जाळायची चाल आपल्याकडं आहेच आणि त्या छोट्या आगीतून मोठे वणवे लागतात, हेही खरं. वनखातं दरवर्षी उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ते त्यासाठीच. तिच्या प्रश्नानंतर आम्ही नकाशावरच्या प्रत्येक गावाला एक आकडा दिला, गावाच्या विश्वासाचा. मोहाची चौकट जळली की आकडा खाली. बैल ओढून नेले, धान लुटलं, तरी खाली. गावकऱ्यांना आधी सांगून वाट सोडली, तर वर. तो आकडा ठरावीक पातळीखाली गेला की गाव वाटाडे देत नाही, झिरा दाखवत नाही, आणि शेवटी तुमचा मुक्काम कुठं आहे ते समोरच्याला सांगतं. हा आकडा पडद्याआड राहतो. खेळणाऱ्याला तो दिसत नाही, त्याचे परिणाम दिसतात.

हा नियम आला आणि १८५८ ची गोष्ट पहिल्यांदा नीट जुळली. त्याआधीच्या डावांमध्ये शेडमाके जवळपास दर वेळी जिंकायचा. उंची त्याची, शिळा त्याच्या, वाटा त्याच्या. मग तो खरोखरीच्या आयुष्यात हरला कसा? २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तार खात्याच्या तळावर त्याच्या लोकांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे तारकर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. त्यानंतर डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टननं टेकड्या चढण्यावर भर दिला नाही. त्यानं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. ज्या माणसांना तेच डोंगर, तेच नाले, त्याच वाटा ठाऊक होत्या, ती माणसं इंग्रजांच्या बाजूला वळवली गेली. १८ सप्टेंबरला शेडमाके पकडला गेला. अडपल्ली आणि घोटची जमीनदारी नंतर अहेरीला बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरकडं निघून गेला आणि त्याला पकडायला इंग्रजांना १८६० उजाडावं लागलं. दाब आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी आमच्या पहिल्या नियमांत कुठंच बसत नव्हत्या. विश्वासाच्या आकड्यात त्या बसल्या.

अहेरीचा प्रसंग आला की टेबलावर आवाज उतरतो. लक्ष्मीबाईंचं पात्र कुणी घ्यायला तयार होत नाही, म्हणून ते मीच चालवतो. तिला खलनायिका करायचं नाही, हेही ठरलेलं आहे. जमीनदारी जप्त होण्याची धमकी समोर असताना एका बाईनं काय करावं, हे फासा टाकून ठरत नाही. आम्ही त्या प्रसंगात फासे बाजूला ठेवतो आणि नुसतं बोलतो.

माझं मत आता पक्कं आहे. डावपेचांच्या खेळात परिसर वापरणं म्हणजे तेलाची पिंपं फोडणं आणि उंच चौकट पकडणं, एवढ्यावर जे खेळ थांबतात ते अर्धेच खेळ आहेत. लढणाऱ्याला जमिनीतून खरं बळ मिळतं ते त्या जमिनीवर जगणारी माणसं त्याच्या सोबत असतात तोवरच. ती वळली की तीच टेकडी पिंजरा होते.

मराठीत असे खेळ करू पाहणारी पोरं आता बरीच आहेत, नागपुरात, पुण्यात, आणि इथंही. त्यांना एवढंच सांगणं आहे: विदर्भातलं जंगल रंगवायचं असेल तर तयार हिरवी चौकट उचलू नका. एप्रिलमध्ये या. मूल, घोट, अहेरी, आलापल्ली या बाजूला फिरा, मोह वेचणाऱ्या बायांशी पहाटे बोला, कोणता नाला केव्हा आटतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. आणि जमलं तर २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगाजवळ या. १८५८ मध्ये त्याच तारखेला बाबुराव शेडमाकेला तिथं फाशी दिलं. तो तेव्हा २५ वर्षांचा होता.