उमेदवार जाहीर होतो तेव्हा...

निवडणुकीचा मोसम आला, की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक, 'सगळे एकाच माळेचे मणी' असे म्हणून पेपर घडी घालून ठेवणारी. आणि दुसरी, उमेदवारांच्या यादीत एखादे नाव वाचताच चहा तसाच टाकून शेजाऱ्याचे दार ठोठावणारी. पहिल्यांना आपण शहाणे समजतो, दुसऱ्यांना भाबडे. या दुसऱ्या माणसाला उमेदवाराकडून काहीही नको असते. कंत्राट नको, समितीवर जागा नको. उमेदवार त्याला नावानेही ओळखत नाही. तरी तो आपल्या खर्चाने फिरतो, भावाशी वाद घालतो, कचेरीत थट्टा सहन करतो. कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर १९६७ सालच्या दक्षिण मुंबईत जावे लागते.

स. का. पाटील त्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री होते. त्याआधी मुंबईचे महापौर आणि १९५२ पासून सलग तीन वेळा लोकसभेवर निवडून आलेले. 'मुंबईचा अनभिषिक्त राजा' ही त्यांची ख्याती. मुंबई महाराष्ट्रात सामील करण्याला त्यांनी केलेला विरोध मराठी माणसाच्या मनात सलत होता; पण सल असणे वेगळे आणि त्या माणसाला पाडता येईल असे वाटणे वेगळे. अशा वेळी संयुक्त सोशालिस्ट पक्षाने त्यांच्यासमोर उभे केले जॉर्ज फर्नांडिस यांना. वय ३६. हुद्दा, महापालिकेतले नगरसेवक. मंगळूरचा हा मुलगा पाद्री होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून १९४९ मध्ये मुंबईत आला होता. सुरुवातीच्या दिवसांत चौपाटीच्या बाकावर झोपला होता. पुढे गोदी कामगार, टॅक्सीचालक, पालिकेचे कामगार यांच्या संघटना त्याने बांधल्या. पण रेल्वेमंत्र्यापुढे नगरसेवक? जाणत्यांनी ही उमेदवारी हसण्यावारी नेली.

त्या प्रचाराचा एक किस्सा अजून सांगितला जातो. आपल्याला देवसुद्धा हरवू शकणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी पाटील बोलून गेले. फर्नांडिस यांच्या मंडळींनी तेवढेच उचलले आणि भिंतीवर उत्तर लावले: देव हरवू शकत नसेल, पण तुम्ही पाटलांना हरवू शकता!

या वाक्यात उमेदवाराचे नाव नाही. त्याचे कर्तृत्व नाही, आश्वासने नाहीत. ते मतदाराविषयी बोलते. रोज सकाळी लोकल पकडणाऱ्या, नळाच्या वेळेवर घड्याळ लावणाऱ्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच सांगत होते, की बाबा रे, हे तुझ्या हातात आहे. त्या काळी मतदानाचे वय २१ होते. म्हणजे कॉलेजातल्या अनेक पोरांना घोषणा देता येत होत्या, शिक्का मारता येत नव्हता. निकाल लागला तेव्हा फर्नांडिस यांना ४८ टक्क्यांहून अधिक मते पडली होती आणि पाटील पडले होते.

तेव्हा एखाद्या नावाने आपण हरखून जातो, ते केवळ त्या माणसाच्या गुणांमुळे नव्हे. त्याच्या निमित्ताने आपले एक मत आपल्यालाच जड वाटू लागते, म्हणून. उमेदवार ही नुसती ठिणगी; दारू आपल्याच कोठारातली असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७१ मध्ये याच मतदारसंघाने याच फर्नांडिस यांना पाडले. १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप त्यांनी केला. १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून उभे राहिले. प्रचाराला उमेदवार नाही, होते ते त्यांचे बेड्या घातलेले छायाचित्र. लोकांनी त्यांना तीन लाखांवर मताधिक्य दिले. जुलै १९७९ मध्ये त्यांनी लोकसभेत मोरारजी सरकारचा जोरदार बचाव केला आणि अवघ्या काही दिवसांत त्याच सरकारची साथ सोडली. ज्यांनी रेल्वेमंत्र्याला हरवले, तेच १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेच्या कामाला त्यांनीच चालना दिली. पुढे १९९८ ते २००४ या काळात वाजपेयी सरकारमध्ये ते संरक्षणमंत्री होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६७ साली त्यांच्यासाठी घसा कोरडा केलेल्या समाजवादी मतदाराने हा सगळा प्रवास पाहून काय म्हणावे? कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून काहींनी अभिमानाने मान डोलावली असेल, काहींनी कपाळाला हात लावला असेल. पण म्हणून त्यांचे १९६७ चे मत चुकले काय? मुळीच नाही. ते मत त्या दिवसाचे होते आणि त्या दिवशी ते खरे होते. चूक होते, ती त्या दिवसाचा उत्साह जन्मभरासाठी गहाण टाकण्यात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच बजावले होते. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

मग काय, हरखूनच जाऊ नये? तसे नव्हे. लग्न ठरवताना मुलगा पसंत पडला, तरी आपण चार ठिकाणी चौकशी करतोच ना! तशी चौकशी आता सोपी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ते कोणालाही पाहता येते. रविवारचे जेवण पानात पडेपर्यंत आपल्या आवडत्या उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचून होते. वाचूनही उत्साह टिकला, तर तो खरा. आणि ओसरला, तर वेळीच ओसरला म्हणायचे.

जिथे १९६७ चा तो चमत्कार घडला, त्या दक्षिण मुंबईत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान झाले ते ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दर दोघांतला एक घरीच. तेव्हा घरातले एखादे १८ वर्षांचे पोर कोणा उमेदवाराचे नाव ऐकून भारावून गेले, तर 'तुला काय कळतंय राजकारणातलं' म्हणून त्याला गप्प करू नका. त्याचा उमेदवार तुम्हाला पसंत नसेल, तर जेवता जेवता खुशाल भांडा. त्याला प्रश्न विचारा, त्याचेही ऐकून घ्या. उमेदवार उद्या पक्ष बदलेल, परवा मंत्री होईल, तेरवा विस्मृतीत जाईल. पण आपल्या एका मताने काहीतरी हलू शकते, हा विश्वास त्या पोराच्या मनात राहिला, तर पुढच्या निवडणुकीला ते आपणहून केंद्राच्या रांगेत उभे असेल.