वरकस जमिनीसाठी काजूच्या जातींची निवड

भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडी व आसपासच्या गावांत जमिनीचे दोन प्रकार ठळकपणे दिसून येतात. सखल खाचरांत भात पिकतो. त्यांच्या वर, टेकड्यांच्या उतारावर, मुरमाड व उथळ अशी वरकस जमीन असते. या जमिनीवर पूर्वी नाचणी व वरी घेतली जाई. आता पुष्कळ ठिकाणी तेथे गवताखेरीज काही नसते. अशा जमिनीतून कायमचे उत्पन्न मिळावे, या हेतूने अनेक शेतकरी काजूच्या लागवडीकडे वळतात.

कवचाची फळे देणाऱ्या प्रत्येक झाडाला त्याचे हवामान लागते. अक्रोड आणि अमेरिकेतून आलेले पिकॅन यांना हिवाळ्यात कडक थंडी हवी असते. म्हणून आपल्या देशात त्यांचे स्थान हिमालयाच्या परिसरात आहे. काजू हे उष्ण प्रदेशातील झाड आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि कोकणात ते चांगलेच रुजले. तेव्हा झाड कोणते लावावे, हा प्रश्न अंबाडीच्या शेतकऱ्यापुढे फारसा उरत नाही. खरा प्रश्न आहे तो जातीचा. भाताचे बियाणे चुकले तर एक हंगाम वाया जातो. काजूची जात चुकली तर ती चूक चार-पाच वर्षांनी कळते आणि तिचे परिणाम पुढे वीस-पंचवीस वर्षे भोगावे लागतात.

बी की कलम?

शेजारच्या बागेतील भरघोस फळणाऱ्या झाडाचे टपोरे बी आणून लावावे, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. काजूमध्ये परपरागीकरण होत असल्याने एकाच झाडाच्या दहा बियांपासून दहा निरनिराळ्या गुणांची झाडे निपजतात. एखादे झाड चांगले फळते, दुसऱ्यास बारीक बी धरते, तर तिसरे केवळ पानांनी डवरते. मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे हवे असतील, तर त्याची काडी बांधून तयार केलेले कलमच लावले पाहिजे. काजूत मृदुकाष्ठ कलमाची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे.

जातींची ओळख

वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राची स्थापना १९५७ साली झाली. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली दापोलीस स्थापन झाल्यानंतर या केंद्राचे कार्य विद्यापीठामार्फत चालू राहिले. केंद्राने निवड व संकर या दोन्ही मार्गांनी काजूच्या जाती तयार केल्या.

वेंगुर्ला-१ ही निवड पद्धतीने काढलेली जात १९७४ साली प्रसारित झाली. तिचे बी सुमारे ६ ग्रॅमचे असून तिला मोहोर लवकर येतो. वेंगुर्ला-४ ही संकरित जात १९८१ सालची होय. तिचे बोंड लाल असते व बी साडेसात ग्रॅमांहून थोडे अधिक भरते. वेंगुर्ला-६ ही १९९१ साली आली. तिचे बी सुमारे ८ ग्रॅमचे असते. वेंगुर्ला-७ ही १९९७ साली प्रसारित झाली. तिचे बोंड पिवळे व बी सुमारे १० ग्रॅमचे असते. त्यानंतर २००१ साली आलेल्या वेंगुर्ला-८ चे बी याहूनही मोठे असते.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी बियाच्या आकाराची. काजूगराची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात यावरून ठरते. पौंडास १८० गर बसणाऱ्या मालास २४० गर बसणाऱ्या मालापेक्षा चढा भाव मिळतो. बी विकणाऱ्या शेतकऱ्यासही याचा लाभ होतो, कारण टपोरे बी वेचण्यास व फोडण्यास मजुरी कमी लागते.

दुसरी कसोटी गराच्या प्रमाणाची. केवळ मोठ्या बियावर भुलू नये. वेंगुर्ला-४ च्या १०० किलो बियांतून सुमारे ३१ किलो गर मिळतो, तर वेंगुर्ला-६ च्या तितक्याच बियांतून सुमारे २८ किलो. वेंगुर्ला-७ मध्ये बी मोठे असून गराचे प्रमाणही ३० टक्क्यांच्या आसपास राहते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

तिसरी कसोटी मोहोराच्या वेळेची. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा पडली की ढेकण्या या किडीचा उपद्रव वाढतो व मोहोर करपतो. सर्व झाडे एकाच जातीची असतील, तर सर्वांचा मोहोर एकाच वेळी संकटात सापडतो. म्हणून लहान बागेतही किमान दोन जाती असाव्यात. वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या मुख्य ठेवून काही ओळी लवकर मोहोरणाऱ्या वेंगुर्ला-१ च्या घातल्यास धोका विभागला जातो.

संशोधन केंद्रावर पूर्ण वाढलेल्या झाडापासून वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ यांचे १७ ते १९ किलो उत्पन्न मिळाले आहे. परंतु वेंगुर्ल्याची जांभ्याची जमीन व समुद्राजवळची हवा निराळी, आणि अंबाडीचा मुरमाड उतार निराळा. खतपाणी व राखण यांवाचून हे आकडे येथे पदरी पडणार नाहीत. मात्र ७ मीटर अंतरावर एकरी सुमारे ८० झाडे बसतात. योग्य जातीमुळे दर झाडामागे एकच किलो बी अधिक मिळाले, तरी एकरी ८० किलोंचा फरक पडतो, हे ध्यानात घ्यावे.

कलमे आणताना व लावताना

कलमे शासकीय अथवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत व पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. सांधा पक्का जुळलेला आहे की नाही, हे पाहावे. लागवड जून-जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर करावी आणि सांधा जमिनीच्या वर राहील अशी दक्षता घ्यावी. सांध्याखालून येणारे धुमारे वेळोवेळी काढून टाकणे अत्यंत अगत्याचे आहे. ते तसेच वाढू दिल्यास वरची काडी मरते आणि पैसे देऊन आणलेल्या जातीच्या जागी खुंटाचे रानटी झाड उभे राहते. पाणी साचणाऱ्या खाचरात काजू लावू नये. गवताळ माळावर उन्हाळ्यापूर्वी बागेभोवती जाळपट्टा काढावा, नाहीतर एका वणव्यात सारे श्रम वाया जातात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक बागेचा साधा नकाशा करून कोणत्या ओळीत कोणती जात आहे, याची नोंद ठेवावी. फळे येऊ लागली की प्रत्येक जातीच्या सुकविलेल्या शंभर बिया मोजून तोलाव्यात. वेंगुर्ला-७ च्या शंभर बिया सुमारे १ किलो भरल्या पाहिजेत. वजन फारच कमी भरल्यास कलम खऱ्या जातीचे नव्हते किंवा झाडाची निगा अपुरी पडली, असे समजावे. अशा नोंदी चार-पाच वर्षे ठेवल्यास अंबाडीच्या उतारावर कोणती जात सरस ठरते, याचे उत्तर गावच्याच शेतात मिळेल आणि पुढच्या शेतकऱ्यास खड्डा खणण्यापूर्वीच योग्य निर्णय घेता येईल.