पिलाटीस : परिचय, लाभ आणि मात्राविचार

कटिशूलाचा रुग्ण चिकित्सालयातून निघताना हमखास विचारतो, "व्यायाम कोणता करू?" आम्ही अनेक वर्षे "झेपेल तेवढा करा" एवढेच उत्तर देत आलो. एकदा साठीच्या एका भगिनींनी पिलाटीसच्या वर्गास जाऊ का, असे विचारले. त्याचे स्वरूप न जाणताच आम्ही होकार दिला. पंधरवड्यात त्या वाढलेली वेदना घेऊन परतल्या. तपासणीअंती अस्थिसौषिर्य आढळले. कणा पुढे वाकविण्याचे प्रकार त्यांना वर्ज्य होते. चूर्णाची मात्रा काटेकोरपणे लिहिणाऱ्या आम्ही व्यायामाची मात्रा मात्र रुग्णावर सोडली होती. प्रस्तुत लेख हे त्याचेच प्रायश्चित्त होय.

पूर्वपीठिका

या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटीस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. बालपणी प्रकृती दुर्बल असल्याने ते व्यायामाकडे वळले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आपली पद्धती विकसित केली. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तेथे मार्था ग्रॅहम, जॉर्ज बॅलन्शीन आदी नृत्यक्षेत्रातील मंडळी त्यांच्याकडे येत. त्यांनी स्वतः या पद्धतीस 'कंट्रोलॉजी' अर्थात नियंत्रणशास्त्र असे नाव दिले होते. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वरूप

व्यायाम चटईवर अथवा स्प्रिंग लावलेल्या 'रिफॉर्मर' या उपकरणावर केले जातात. उदरातील खोल स्नायू, श्रोणितलाचे स्नायू, श्वासपटल व कण्यालगतचे स्नायू यांवर मुख्य भर असतो. आवर्तने थोडी, पण हालचाल सावकाश, अचूक व श्वासाशी जुळलेली हवी. 'हंड्रेड' या प्रसिद्ध प्रकारात उताणे निजून डोके व पाय उचलून धरतात आणि हात वरखाली हलवितात. पाच अंकांपर्यंत श्वास घेणे व पाच अंकांपर्यंत सोडणे, अशी दहा आवर्तने होतात.

लाभ

स्नायूंची ताकद, लवचिकता, तोल व शरीराची ठेवण सुधारण्यास ही पद्धती उपयुक्त आहे. जुनाट कटिशूलासंबंधी २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार, अत्यल्प उपचारांच्या तुलनेत पिलाटीसने वेदना व अक्षमता कमी होते. मात्र इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा नाही. अतएव चमत्काराची आशा रुग्णास दाखवू नये.

आयुर्वेदीय विचार

स्थैर्य व बल देणारी, मात्रेने करावयाची शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम, असे चरकाचार्य सांगतात. वाग्भटाचार्य अर्धशक्तीची मर्यादा घालतात आणि वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांस व्यायाम निषिद्ध मानतात. कपाळी घाम व मुखशोष ही थांबण्याची खूण रुग्णास समजावून द्यावी. अस्थिसौषिर्य, गर्भावस्था, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया व तीव्र गृध्रसी यांत तपासणी व जाणकार प्रशिक्षक यांवाचून पिलाटीस सुचवू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

कंबरदुखीसाठी तेल वा गुग्गुळकल्प मागणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पायात बधिरता वा अशक्तपणा आहे काय? मूत्रप्रवृत्तीवरील ताबा सुटला आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास ग्राहकास तेल देऊन परत न पाठविता तातडीने रुग्णालयात पाठवावे.

आता आमच्या चिठ्ठीवर औषधाखाली आणखी एक ओळ असते : व्यायामाचा प्रकार, काळ, आवर्तने व वर्ज्य हालचाली. वैद्यबंधूंनीही हा परिपाठ ठेवावा, ही विनंती.