रानाची वाट आणि पाणथळाचा काठ
सातमाळ्याच्या रानापासून नाथसागरापर्यंत मातीचा प्रवास दाखविणारी सोपी पदयात्रा

माती जागची कशी हलते, हे पुस्तक वाचून जितके कळते त्याहून अधिक दोन कोस पायी चालल्याने कळते. आपल्या शेतातील ओघळ रोजच्या पाहण्यातला असतो. म्हणून तो दरवर्षी बोटभर रुंदावला तरी ध्यानात येत नाही. परंतु जो शेतकरी एकदा रानातील वाट चढून येतो आणि त्यानंतर धरणाच्या काठावर साचलेल्या गाळात उभा राहतो, त्यास आपल्या बांधाकडे निराळ्या दृष्टीने पाहण्याची सवय लागते. असा अनुभव देणाऱ्या सोप्या वाटा छत्रपती संभाजीनगर परिसरात आहेत. त्या चढावयास गिर्यारोहकाचे बळ लागत नाही. वयस्क माणसे, स्त्रिया व शाळेतील मुले यांनाही त्या झेपण्याजोग्या आहेत.

क्रांती चौकातून दोन दिशा

शहरातील क्रांती चौक हे अशा सहलीस निघण्याचे सोयीचे ठिकाण आहे. १८५७ च्या उठावाची आठवण जपणारा काळा चबुतरा याच चौकात आहे. जालना रस्ता येथून जातो व मध्यवर्ती बसस्थानकही जवळ आहे. येथून वायव्येस सुमारे ६० किलोमीटरवर कन्नड लागते आणि त्याच्या पुढे सातमाळ्याच्या रांगेतील गौताळ्याचे रान. दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर पैठण व तेथील नाथसागर. एका दिशेला डोंगर, दुसऱ्या दिशेला जलाशय. वरवर पाहता या दोहोंचा संबंध दिसत नाही. वस्तुतः कन्नड तालुक्यात उगम पावणारी शिवना नदी वैजापूर व गंगापूरच्या शिवारांतून वाहत जाऊन नाथसागराच्या पाणपसाऱ्यात गोदावरीस मिळते. डोंगरउतारावरून सुटलेली माती अखेर कोठे जाऊन बसते, याचे उत्तर या एकाच नदीने दिले आहे.

मराठवाड्यास समुद्रकिनारा नाही. तथापि सातमाळ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. उत्तरेकडे उतरलेले पाणी गिरणा व तापी या नद्यांतून अरबी समुद्रास मिळते. दक्षिणेकडे उतरलेले पाणी गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. माथ्यावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या पायाखालून ही वाटणी होत असते.

गौताळ्याची वाट

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. येथील रान पानगळीचे आहे. साग, धावडा, सालई, पळस, खैर, बेल, आवळा ही झाडे उन्हाळ्यात उघडीबोडकी दिसतात. पण त्यांची गळलेली पानेच या जमिनीची गोधडी होत. पावसाचा थेंब प्रथम झाडाच्या पानावर, तेथून पाचोळ्यावर व मग मातीवर पडतो. त्याचा मार आधीच ओसरलेला असतो. पाणी पाचोळ्यातून हळूहळू झिरपते आणि वाहिलेच तर संथपणे वाहते. उघड्या नांगरटीवर मात्र तोच थेंब मातीचे ढेकूळ फोडतो, सुटे झालेले कण छिद्रे बुजवितात आणि पुढील पाणी जमिनीत न मुरता कण बरोबर घेऊन उताराला लागते.

हा फरक दाखविण्यास एक सोपा प्रयोग पुरेसा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जोराची सर येऊन गेल्यावर रानातील ओहोळाचे पाणी एका पारदर्शक बाटलीत व शेतातून निघालेल्या चराचे पाणी दुसरीत भरावे. दोन्ही बाटल्या रात्रभर न हलविता ठेवाव्यात. सकाळी तळाशी बसलेल्या मातीचे थर शेजारी शेजारी पाहिले म्हणजे निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. एक इंच सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

याच अभयारण्याच्या हद्दीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. पायऱ्या उतरून घळीत गेल्यावर ती दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथे खोदकामास प्रारंभ झाला. झिरपत्या पाण्याने लेण्यांचे बरेच दर्शनी भाग ढासळले आहेत. पाण्यापुढे काळा पाषाण टिकला नाही, तेथे उघड्या मातीचा काय पाड!

वाट चांगली की वाईट, हे कसे ओळखावे

पायवाटेकडेही शेतकऱ्याने शेतकऱ्याच्याच नजरेने पाहावे. उताराच्या सरळ रेषेत वर चढणारी वाट जवळची वाटते. परंतु दोन-तीन पावसाळ्यांत ती नाल्याचे रूप घेते. पायांनी गवत मरते, माती दबते, पाण्यास तयार पाट मिळतो. मग चालणारे लोक खळगा टाळून बाजूने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. याउलट उतारास आडवी, समपातळीच्या जवळपास जाणारी वाट थोडी लांब पडते, पण टिकते. शेतात उताराला आडवी नांगरट व पेरणी करण्याचे तत्त्व आणि हे तत्त्व एकच आहे.

ज्या गावास आपल्या गायरानातून, टेकडीवरून अथवा तळ्याकाठी पायवाट करावयाची असेल, त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. वाटेचा चढ साधारणपणे दहा फुटांत एक फूट याहून अधिक असू नये आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून तर कधीच जास्त नसावा.

२. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित कलता ठेवावा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता लगेच बाहेर पडते.

३. चढावर ठरावीक अंतराने तिरपे दगड बसवून पाणी बाजूच्या गवतात सोडावे. हे दगड व त्यांपुढील चर पावसाळ्यापूर्वी साफ करावेत.

४. ओल्या जागेवरून वाट नेणे टाळावे. टाळता येत नसेल तर दगडांची फरसबंदी करावी.

५. नव्या वाटेसाठी झाड तोडू नये. झाडाला वळसा घालणारी वाट चालणाऱ्यासही सावली देते.

वनखात्याच्या अथवा दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर असे कोणतेही काम लेखी परवानगीवाचून करू नये.

नाथसागराचा काठ

पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणास २७ दरवाजे आहेत. भूभाग सपाट असल्याने पाणी खोल साचण्यापेक्षा दूरवर पसरले आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्यासाठी अनेक गावांनी आपली घरे व शिवारे सोडली, हे काठावर चालणाऱ्याने विसरू नये. १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की उथळ कड उघडी पडते आणि पक्ष्यांची वर्दळ वाढते. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाकांच्या जोड्या काठावर दिसतात, रोहित पक्षी आपली वाकडी चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातात. शेकाट्या आपल्या लांब पायांवर वीतभर पाण्यात चालतो, तर मुग्धबलाक शिंपले व गोगलगायी शोधतो. प्रत्येकास पाण्याची निराळी खोली लागते. म्हणून पाणथळाचे मोल त्याच्या मध्यभागापेक्षा त्याच्या उथळ काठात अधिक असते.

याच काठावर गाळपेराची शेतीही होते. ओसरलेल्या पाण्याखालून निघालेली जमीन ओल धरून असते व तीत पीक चांगले येते. मात्र ही सुपीकता कोठून आली, याचा विचार व्हावयास हवा. तो वरच्या शेतांचा गेलेला कस आहे. वरच्या शेतकऱ्याने खतावर केलेला खर्च खाली फुकट मिळालेला दिसतो. पण त्या गाळाने जलाशयाची साठवण कमी होते आणि ज्या कालव्याच्या पाण्यावर खालचा शेतकरी अवलंबून आहे, त्याचाच वाटा घटतो. शिवाय छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरे या जलाशयाचे पाणी पितात. काठावर वापरलेली कीटकनाशके पाणी पुन्हा चढताच त्यात उतरतात. म्हणून परवानगीने गाळपेर करणाऱ्यानेही पाण्यालगत गवताचा पट्टा राखावा व फवारणी टाळावी. नदीच्या मुखाशीही या गाळाचा हिशेब लागतो. गोदावरीवरील धरणांत गाळ अडून राहिल्याने समुद्राकाठच्या तिच्या त्रिभुज प्रदेशास तो पूर्वीइतका मिळत नाही व तेथील किनारा ठिकठिकाणी खचत आहे.

नांदूर मध्यमेश्वरचा धडा

गाळ साचल्याने काय घडते याचे दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ आहे. नांदूर मध्यमेश्वर येथे १९११ च्या सुमारास पूर्ण झालेल्या दगडी बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ बसून उथळ डबकी, बेटे व पाणवनस्पतींची दाटी झाली. सिंचनाच्या दृष्टीने जो साठा उणावला, तेथे पक्ष्यांचे माहेरघर झाले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. चापडगावच्या बाजूने सपाट वाटेवर चालत निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जाता येते. गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात व त्यांना हंगामी मिळकत होते. पक्षी टिकले तर मिळकत टिकते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. तथापि प्रत्येक धरणाचे असे व्हावे, अशी इच्छा कोणी करणार नाही; कारण साठवण एकदा गेली की शेतास पाणी देण्यास दुसरे धरण सहज उभे राहत नाही.

सहलीची आखणी

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही सहल दोन टप्प्यांत घ्यावी. रान सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पाहावे. पाणथळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पंधरा-वीस जणांहून मोठा गट नेऊ नये. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी व शुल्क यांची चौकशी आधी वनखात्याकडे करावी. रानात बिबट्या व अस्वल यांचा वावर आहे, म्हणून वाट सोडू नये आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. विडी-काडी पेटवू नये. वाळलेल्या पाचोळ्यास एक ठिणगी पुरते. पाणथळाकाठी कुत्री नेऊ नयेत, मोठ्याने बोलू नये व चिखलाची खोली अजमावल्याशिवाय पाय टाकू नये. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून वाट काढणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. पाणी, भाकरी व पायांत घट्ट बसणारी वहाण यापलीकडे खर्च नाही.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत गावात एक बैठक घ्यावी आणि तीत प्रत्येकाने आपल्या शिवारातील एक ओघळ दाखवावा. त्या ओघळाच्या माथ्याशी दगडांचा बांध, बांधावर गवत व नाल्यालगत न नांगरलेला पट्टा, एवढे काम पुढील पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे. गावच्या तलावात गाळ साचला असल्यास तो शेतात परत नेण्यासाठी २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेची माहिती तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी. परंतु वाहून गेलेली माती बैलगाडीने अथवा ट्रॅक्टरने परत आणण्यापेक्षा ती जागीच धरून ठेवणे केव्हाही स्वस्त पडते.