मॅरेथॉनचे शेवटचे दहा किलोमीटर

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. दर जानेवारीत ती झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे येतात. पुरुषांत पहिला येणारा साधारण दोन तास दहा मिनिटांच्या आसपास पोहोचलेला असतो. रस्त्यावर मात्र त्या दिवशी हजारो माणसे असतात. त्यांत कारकून, डॉक्टर, गृहिणी, निवृत्त मंडळी आणि आमच्यासारखे शिक्षकही असतात. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायला यांतल्या बहुतेकांना चार ते सहा तास लागतात. पहिला येणारा जे करतो तेच ही माणसे सावकाश करतात, असे आपल्याला वाटते. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन वेगळी कामे आहेत.

हिशोब इंधनापासून सुरू करू. सपाट रस्त्यावर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. गंमत म्हणजे धावण्याचा वेग बदलला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला अंतर पुरे करायला ६० गुणिले ४२, सुमारे २५०० किलोकॅलरी हव्यात. मग तो अडीच तासांत पोहोचो की पाच तासांत.

ही ऊर्जा येते कुठून? मुख्यतः दोन कोठारांतून. एक ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या साखरेचे. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर एकूण २००० होतात. दुसरे कोठार चरबीचे. सडपातळ माणसाजवळही साठ हजारांहून अधिक किलोकॅलरी चरबीच्या रूपात असतात. एवढी शिल्लक असताना अडचण कसली? अडचण वेगाची आहे. चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही थोडा जास्त लागतो. चुलीत काटक्या भराभर पेटतात, ओंडका दिवसभर धुमसत राहतो, तसेच काहीसे.

नुसत्या साखरेवर धावलो तर २००० भागिले ६०, म्हणजे तेहतिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोठार रिकामे होईल. प्रत्यक्षात दोन्ही इंधने एकदमच जळत असतात, त्यामुळे हिशोब इतका सरळ नसतो. तरीही तीस-बत्तीस किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात हा धावणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. कोणते इंधन किती जळेल हे ठरते ते आपल्या कुवतीच्या मानाने आपण किती जोर लावतो त्यावर. जोर जास्त, तर साखरेचा वाटा जास्त. म्हणून शेवटचे दहा किलोमीटर कसे जाणार, हे बरेचसे पहिल्या दहांत ठरते.

आणि नेमका याच पहिल्या टप्प्यात मोठ्या शहरातल्या शर्यतीचा मोह फार असतो. ढोल वाजत असतात, अनोळखी माणसे टाळ्या देत असतात, पोरेटोरे हात पुढे करून उभी असतात. पुढची गर्दी चुकवत, डावी-उजवीकडून वाट काढत माणसे सुटतात. यात अंतरही वाढते. मार्ग मोजण्याची पद्धत अशी की एका सायकलच्या चाकाचे फेरे आधी पोलादी फितीने मोजलेल्या अंतराशी ताडून घेतात, आणि मग वळणावर कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने ती सायकल नेतात. वर मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. गर्दीतला धावपटू या रेषेवर कधीच नसतो. त्याच्या मनगटी घड्याळात शेवटी साडेबेचाळीस किंवा त्याहून जास्त दिसले, तर आयोजकांशी भांडायचे कारण नाही.

कोठाराची गोष्ट निव्वळ तर्काची नाही. स्वीडनमधल्या बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या दोन डॉक्टरांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. दुसरा पाय स्वस्थ. दमून थांबल्यावर दोघांनी स्वतःच्या दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. कष्ट केलेल्या पायातले ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते, दुसऱ्या पायातले तसेच होते. शेजारचा पाय भरलेला असूनही रिकाम्या पायाला त्याची उसनवारी मिळाली नाही. कारण स्नायूतल्या ग्लायकोजेनपासून मोकळे ग्लुकोज तयार करून ते रक्तात सोडणारे विकर स्नायूंत नसते. ते यकृतात असते. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला, तर कष्ट केलेल्या पायात दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट ग्लायकोजेन साठले. शर्यतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत धावणारे भात-बटाटे अधिक खातात, त्याचे मूळ इथे आहे.

धावताना खाण्याचा शोध त्याहूनही जुना. १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉननंतर काही धावपटूंचे रक्त तपासले. जे अगदी गळून, भ्रमिष्टासारखे होऊन पोहोचले होते, त्यांची रक्तशर्करा फार उतरलेली होती. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना वाटेत साध्या साखरेच्या गोळ्या दिल्या, तेव्हा ते चांगल्या अवस्थेत पोहोचले.

मुंबईच्या मार्गावर अनेक वर्षे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येत आला आहे. त्याची धास्ती फार. समजा, तो २५ मीटर उंच आहे. ६० किलो वजन तेवढे वर न्यायला ६० × ९.८ × २५, म्हणजे १४,७०० ज्यूल, साडेतीन किलोकॅलरी लागतात. स्नायूंची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर खर्च १४ किलोकॅलरी. सपाटीवरचे जेमतेम पाव किलोमीटर! जाताना हाच चढ दुसऱ्या बाजूने कुणाच्या फारसा लक्षातही येत नाही. बदललेला असतो तो चढणारा.

कार्यक्षमता पंचवीस टक्के म्हणजे उरलेली पंचाहत्तर टक्के ऊर्जा उष्णता होते. २५०० पैकी सुमारे १९०० किलोकॅलरी. ६० किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. ही सारी उष्णता अंगातच राहिली तर काय होईल, तो भागाकार विद्यार्थ्यांनी करावा. सुटका घामामुळे होते. एक लिटर घामाची वाफ झाली की सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. पण वाफ व्हायला हवी. नुसत्या टपकणाऱ्या घामाने अंग थंड होत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम टपकतोच अधिक. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. हौशी धावपटू अंधारात निघाला तरी त्याचे शेवटचे, सर्वांत कठीण किलोमीटर उन्हात येतात.

मग भरपूर पाणी प्यावे, नाही का? इथेच संथ धावणाऱ्याचा धोका वेगळा होतो. जोरात धावणाऱ्याला पाणी प्यायला ना सवड, ना इच्छा. पाच तास लावणारा पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबतो. त्याला घाम तासाला कमी येतो आणि पोटात पाणी जास्त जाते. रक्तातले सोडियम पातळ होते, पाणी पेशींत शिरू लागते आणि मेंदू सुजतो. कवटीत सुजायला जागा नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ जणांचे रक्त तपासले होते. त्यांपैकी १३ टक्के लोकांचे सोडियम सामान्य पातळीखाली होते, आणि तिघांचे तर जिवाला धोका व्हावा इतके खाली. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला. धावताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना हा त्रास जास्त झालेला दिसला. साधे पाणी प्यायले की क्षारयुक्त पेय, याने फरक पडला नाही. अशा पेयांतही रक्ताच्या मानाने सोडियम कमीच असते.

पंचाईत अशी की पाणी कमी पडलेला आणि जास्त झालेला, दोघेही सारखेच दिसतात. मळमळ, डोकेदुखी, गरगरणे, असंबद्ध बोलणे. अशा वेळी आपल्याकडे पहिली आरोळी पडते ती ‘पाणी आणा’ अशी. पडलेल्या माणसाच्या बोटांतली अंगठी घट्ट झाली असेल, पोट डबडबले असेल, तर आणखी पाणी घातक ठरेल. त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यायला हवे. एरवी तहान लागेल तसे आणि तेवढेच पिणे, हा नियम हौशी धावपटूला पुरतो.

आपला घाम किती जातो हे मात्र प्रत्येकाला काढता येते. खेळाच्या तासाला मोठ्या विद्यार्थ्यांकडून करवून पाहावे. धावण्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. अर्धा तास धावून, अंग पुसून पुन्हा करावे. मधे प्यायलेले पाणी मोजून वजनाच्या फरकात मिळवावे. आलेला आकडा दुप्पट केला की तासाचा घाम मिळतो. आम्ही हे डिसेंबरात आणि मेमध्ये करून पाहिले. एकाच माणसाचे दोन आकडे तर वेगळे आलेच, पण एकाच दिवशी शेजारी-शेजारी धावलेल्या दोघांच्या घामात जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. वजनकाटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. न्हाणीघरातला काट्याचा जुना काटा या कामाचा नाही.