४८ हजारांनी हुकलेली सवलत
नवी पेठेतील व्यापाऱ्यांचा संताप निर्बंधांवर होता की ते ठरविण्याच्या पद्धतीवर?

सोलापूर, प्रतिनिधी – कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस, सोलापुरातील नवी पेठेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता. शहरातील रुग्ण कमी झाले, रुग्णालयांतील खाटा रिकाम्या होऊ लागल्या, मग दुकानांची कुलपे का निघत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात नव्हते. ते जनगणनेच्या एका आकड्यात दडलेले होते आणि तो आकडा दहा वर्षांपूर्वीचा होता.

राज्य शासनाने ३० मे २०२१ रोजी 'ब्रेक द चेन' मोहिमेअंतर्गत सुधारित आदेश काढला. निर्बंध शिथिल करायचे की कडक ठेवायचे, हे त्या त्या भागातील चाचण्यांमध्ये बाधित आढळणाऱ्यांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या किती खाटा भरलेल्या आहेत, यांवरून ठरणार होते. बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा कमी आणि प्राणवायूच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी खाटा व्यापलेल्या असतील, तर काही सवलती मिळणार होत्या. येथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण पुढच्या कलमात होती. २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या महापालिकांनाच स्वतंत्र घटक मानले जाणार होते. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, औरंगाबाद अशी दहा शहरे त्यात बसली. सोलापूर महापालिकेची २०११ ची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८. दहा लाखांना ४८ हजार ४४२ कमी. साहजिकच सोलापूर शहराची गणना जिल्ह्यातच झाली आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात त्या वेळी साथ पुरती भरात होती.

सरासरीचा खेळ

सरासरी काय करते, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, शहरात एका आठवड्यात एक हजार चाचण्या झाल्या आणि त्यांत ४० जण बाधित आढळले, तर प्रमाण चार टक्के. ग्रामीण भागात चार हजार चाचण्यांत ६०० बाधित आढळले, तर प्रमाण १५ टक्के. दोन्ही एकत्र केले की पाच हजार चाचण्यांत ६४० बाधित, म्हणजे १२.८ टक्के. चार टक्क्यांच्या शहराला १२.८ टक्क्यांचे नियम लागू होतात. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यासाठी पाच स्तर निश्चित केले. त्यांत पाच टक्क्यांच्या आतील भाग पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरात जात होता, तर १० ते २० टक्के प्रमाण असलेला भाग चौथ्या स्तरात. चौथ्या स्तरात अत्यावश्यक वगळता इतर दुकाने बंद. कापड, तयार कपडे, पादत्राणे, भांडी यांवर उभी असलेली नवी पेठ 'अत्यावश्यक'मध्ये कधीच बसत नव्हती.

शासनाच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते, हे नाकारता येणार नाही. नवी पेठ ही केवळ शहराची बाजारपेठ नाही. मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर, एवढेच नव्हे तर कर्नाटकातील इंडीपर्यंतची कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला येथे येतात. महापालिकेची हद्द विषाणूला ठाऊक नसते. पेठ उघडली की ग्रामीण भागातील गर्दी शहरात येणार, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु हा युक्तिवाद आदेशात कोठेही नव्हता. तेथे केवळ दहा लाखांची रेघ होती. ग्राहक आजूबाजूच्या तालुक्यांतून येतात म्हणून शहर स्वतंत्र मानायचे नाही, असा नियम असेल, तर तो पुणे किंवा नाशिकलाही लागू व्हायला हवा होता. कारण न सांगता रेघ ओढली की ती मनमानीच वाटते, आणि नवी पेठेत नेमके तेच घडले.

शेवटी लोकप्रतिनिधी, महापालिका आणि व्यापारी संघटना यांच्या पाठपुराव्यानंतर जूनमध्ये शहराचा विचार ग्रामीण भागापासून वेगळा झाला आणि दुकाने उघडली. शासनाला हे करता येत होते, हेही त्यातून सिद्ध झाले. मग ते आधीच का केले नाही, हा प्रश्न मात्र व्यापाऱ्यांच्या मनात राहून गेला.

दोन पाडवे, दोन कुलपे

हा राग एका आदेशाने निर्माण झालेला नव्हता. त्याची मुळे आधीच्या वर्षात होती. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च २०२०, तोच गुढीपाडवा. कापड व्यापाऱ्याचे वर्ष पाडवा ते अक्षय्य तृतीया आणि त्याला लागून येणारी लग्नसराई यांवर चालते. त्यासाठीचा माल आधीच उधारीवर भरलेला असतो. तो हंगाम गेला. व्यापाऱ्यांनी तो सोसला, कारण संकट सर्वांनाच नवे होते. पुढील वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. त्याआधी, ४ एप्रिल २०२१ रोजी राज्य शासनाने निर्बंध जाहीर केले. लोकांच्या कानावर शनिवार-रविवारची टाळेबंदी आली. प्रत्यक्ष आदेश हाती पडला तेव्हा अत्यावश्यक वगळता सर्व दुकाने ३० एप्रिलपर्यंत बंद असल्याचे दिसले. दोन दिवस ऐकले आणि पंचवीस दिवस निघाले, असा हा प्रकार होता. राज्यभरातील व्यापारी त्याविरोधात उभे राहिले. सोलापूरही त्याला अपवाद नव्हते. पाडव्याच्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १४ एप्रिलच्या रात्री आठपासून संचारबंदी जाहीर केली आणि दुसरा हंगामही बुडाला. अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद त्या वर्षी १४ मे या एकाच दिवशी आली. त्या दिवशीही पेठ बंदच होती.

संचारबंदीबरोबर ५ हजार ४७६ कोटी रुपयांचे सहाय्य जाहीर झाले. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर यांना प्रत्येकी दीड हजार रुपये मिळणार होते. दुकानात दिवसभर उभे राहून साड्या उलगडून दाखविणारा नोकर यांपैकी कोणत्याच वर्गात मोडत नव्हता. त्याच्या पगाराचा भार मालकावर, मालकाची विक्री शून्य, आणि दुकानाचे भाडे, वीजबिल, बँकेचा हप्ता यांना मात्र संचारबंदी नाही. नवी पेठेतील असंतोषात मालकाइतकाच या नोकरवर्गाचाही वाटा होता. त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

पंढरपूरचा अपवाद

लोकांना सर्वाधिक खुपली ती मात्र वेगळीच गोष्ट. आमदार भारत भालके यांच्या नोव्हेंबर २०२० मधील निधनामुळे रिक्त झालेल्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणूक होती. सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंच्या बड्या नेत्यांच्या सभा जिल्ह्यात झाल्या. राज्यभर संचारबंदी लागू झाली तेव्हा या मतदारसंघाला मतदान पार पडेपर्यंत त्यातून वगळण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच लग्नसमारंभासाठी २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. ज्या जिल्ह्यात सभेला हजारो चालतात त्याच जिल्ह्यात लग्नाला सव्विसावा माणूस चालत नाही, हे समजावून सांगणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड होते. आषाढी वारी २०२० मध्ये पायी निघाली नाही, पालख्या एस.टी.तून पंढरीला आल्या. २०२१ मध्येही वारकऱ्यांना घरूनच हात जोडावे लागले. पंढरीची वाट वारकऱ्याला बंद आणि उमेदवाराला खुली, हा सल जिल्ह्यात आजही काढला जातो.

निवडणुकीची तारीख राज्य शासन नव्हे, तर केंद्रीय निवडणूक आयोग ठरवतो, हे येथे लक्षात घ्यायला हवे. तामिळनाडूतील निवडणुकांच्या संदर्भात मद्रास उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२१ रोजी याच आयोगावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले होते. सभांमुळे किती रुग्ण वाढले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे. परंतु महिनाभराने, याच ग्रामीण भागाच्या आकड्यांमुळे शहरातील दुकाने बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा नवी पेठेने हिशेब आपल्या परीने जुळवून टाकला.

चार महिन्यांत तीन पालकमंत्री

सोलापुरातील पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी निष्पन्न झाला, तोही मृत्यूनंतर आलेल्या अहवालातून. तोपर्यंत साथ पाच्छा पेठेच्या दाट वस्तीत शिरलेली होती. पूर्व भागातील यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार महिलांची घरे लहान, एका खोलीत पाच-सहा माणसे. अंतर ठेवा, हा सल्ला तेथे अर्थहीन होता. तेंदूपाने आणि तंबाखू आणायला कारखान्याच्या शाखेत जायचे आणि वळलेल्या विड्या पुन्हा तेथेच द्यायच्या, अशी या धंद्याची पद्धत. शाखा बंद तर चूल बंद, म्हणून विडी कामगारांची आंदोलने झाली. उपचार उशिरा सुरू होत असल्याने मृत्यूचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच वर गेले. त्यातच धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद), लातूर, विजयपूर, कलबुर्गी या भागांतील रुग्ण उपचारांसाठी सोलापुरातच येतात. शहराच्या लोकसंख्येवरून मोजलेल्या खाटा म्हणूनच नेहमी अपुऱ्या पडतात.

या काळात जिल्ह्याला खंबीर राजकीय नेतृत्वाची गरज होती. प्रत्यक्षात जानेवारी ते एप्रिल २०२० या चार महिन्यांत दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड आणि दत्तात्रय भरणे असे तीन पालकमंत्री झाले. मे अखेरीस महापालिका आयुक्तही बदलले. दीपक तावरे यांच्या जागी पी. शिवशंकर आले. जूनमध्ये शहरातील ४० मृत्यू आधीच्या आकडेवारीत धरलेच गेले नव्हते, असे महापालिकेनेच जाहीर केले. त्याच महिन्यात राज्याच्या आकडेवारीतही १ हजार ३२८ जुन्या मृत्यूंची भर एकदम पडली होती. आकडे दडवले गेले की नोंदवायचे राहिले, यावर वाद झाला. पण सरकारी आकड्यांवरचा विश्वास तेथूनच ढासळू लागला. वर्षभराने त्याच यंत्रणेचे टक्केवारीचे आकडे दाखवून दुकाने बंद ठेवायला सांगितले गेले, तर लोक ते निमूटपणे कसे मानणार? १६ जुलैच्या रात्रीपासून २६ जुलै २०२० पर्यंत शहर आणि लगतच्या गावांत कडक टाळेबंदी झाली. त्या काळात ॲन्टिजेन चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि साथीला काही अंशी आवर बसला, हे मात्र मान्य करायला हवे.

दुसऱ्या लाटेत खाटा, रेमडेसिविर आणि प्राणवायू यांसाठी नातेवाइकांची धावाधाव सुरू असताना, २२ एप्रिल २०२१ रोजी उजनी धरणातील पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याविषयीचा आदेश निघाला. पालकमंत्री भरणे हे इंदापूरचेच आमदार. साथीशी पाण्याचा संबंध नव्हता, पण जिल्हा मृत्यूशी झुंजत असताना पालकमंत्री पाणी पळवतात, अशी टीका झाली आणि शेतकरी संघटना आंदोलनात उतरल्या. मे महिन्यात शासनाला तो आदेश मागे घ्यावा लागला. लसीकरणाचीही तीच तऱ्हा. १ मे रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली आणि साठ्याअभावी १२ मे रोजी राज्याने या गटाचे लसीकरण थांबवले.

कायदा १८९७ चा

हे सारे आदेश ज्या साथरोग प्रतिबंधक कायद्याच्या आधारे निघाले, तो १८९७ चा आहे. राज्यात तो १३ मार्च २०२० पासून लागू करण्यात आला. प्लेगच्या साथीसाठी इंग्रजांनी घाईने केलेल्या या कायद्यात मोजकी चार कलमे होती. शासनाला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार त्यात आहे. त्या उपायांची कारणे जनतेला सांगण्याचे बंधन नाही आणि नुकसानभरपाई देण्याचे बंधनही नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांनी लोक किती भडकले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या कशा झाडल्या गेल्या, हे शाळेत शिकलेले आहे. पुढील सव्वाशे वर्षांत साथीचे शास्त्र कोठल्या कोठे गेले, परंतु आदेश काढणारा आणि तो पाळणारा यांच्यातील नाते या कायद्यापुरते तरी फारसे बदलले नाही.

शासनाने जिल्ह्याचे तुकडे करून विचार करण्याची पद्धत नंतर स्वीकारली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील बहुतेक भाग खुला होत असताना पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत १३ ऑगस्टपासून कडक निर्बंध लागू झाले; उर्वरित जिल्हा आणि शहर त्यातून सुटले. आता संतापण्याची पाळी पंढरपूरच्या व्यापाऱ्यांची होती.

या रागाला स्थानिक पातळीवर मतपेटीची वाटही लवकर मिळाली नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासकांचा कारभार होता. २०२१ ची जनगणनाही साथीमुळे लांबणीवर पडली. ती आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत शासनदरबारी सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ एवढीच राहील.