परक्या शहरांतील ठक आणि आपण

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. परंतु ही म्हण खरी ठरण्यास एक अट आहे. ती ही कीं, ज्यास ठेच लागली त्यानें ती मागच्यास सांगितली पाहिजे. न सांगितल्यास मागचाही त्याच दगडावर आपटतो. आपल्या शाळांतून शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी आज उच्च शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं परदेशीं जातात आणि त्यांना भेटावयास त्यांचे आईबापही तीं दूरचीं शहरें पाहण्यास जातात. अशा प्रवाशांस तेथील ठक कोणत्या युक्तीनें फसवितात, हें पॅरिस शहराचें उदाहरण घेऊन सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक जुनी हकीकत ऐका. पॅरिसचा प्रसिद्ध आयफेल मनोरा १८८९ सालच्या प्रदर्शनासाठीं उभारला गेला व वीस वर्षांनंतर तो काढून टाकावा असा मूळचा बेत होता. १९२५ सालीं व्हिक्टर लस्टिग नांवाच्या एका ठकानें सरकारी अधिकाऱ्याचें सोंग घेऊन भंगाराच्या कांहीं व्यापाऱ्यांस एका नामांकित हॉटेलांत बोलाविलें. मनोऱ्याची डागडुजी सरकारास परवडत नाहीं, सबब तो मोडीत काढावयाचा आहे, मात्र ही गोष्ट तूर्त गुप्त ठेवावी, असें त्यानें त्यांस सांगितलें. एका व्यापाऱ्यानें विश्वास ठेवून पैसे मोजले! पुढें आपण फसलों हें त्यास कळलें. परंतु लोक हंसतील या लाजेनें तो पोलिसांकडे गेलाच नाहीं. कोणी तक्रार केली नाहीं असें पाहून लस्टिग पुनः पॅरिसला आला व तोच मनोरा दुसऱ्या कोणास विकण्याची खटपट करूं लागला. अखेर १९३५ सालीं तो अमेरिकेंत पकडला गेला व १९४७ सालीं कैदेंतच मेला.

या गोष्टींत ठकांची सर्व विद्या सांठविली आहे. ठक हा बळानें लुटीत नाहीं. तो आपले पाय थांबवितो, हात गुंतवितो, डोळे दुसरीकडे वळवितो आणि शेवटीं लाजेनें आपलें तोंड बंद करतो. या चार गोष्टी ध्यानांत ठेविल्या म्हणजे पुढील सर्व प्रकार सहज उमगतील.

आमचीच गोष्ट सांगतों. सीन नदीच्या कांठानें आम्ही जात असतां एक प्रौढ बाई आमच्या पुढ्यांत वांकली व जमिनीवरून एक जाड पिवळी अंगठी उचलून, ‘ही आपली काय?’ असें खुणेनें विचारूं लागली. आम्हीं नाहीं म्हटलें. तिनें ती स्वतःच्या बोटांत घालून पाहिली, आपणांस होत नाहीं असें दाखविलें व मोठ्या उदारपणें आमच्या हातावर ठेविली. आम्ही चार पावलें जातों न जातों तोंच ती मागें धांवत आली व जेवणापुरते पैसे मागूं लागली. अंगठी फुकट घेऊन उपाशी बाईस विन्मुख कसें पाठवावें, असा संकोच आम्हांस पडला. आणि खरें सांगावयाचें तर थोडा लोभही सुटला होता. आम्हीं दहा युरो दिले. अंगठी अर्थातच पितळेची होती व ती प्रथमपासून तिच्याच मुठींत होती. लाजेनें आम्हीं हें सोबतच्या मंडळींस सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आमच्याबरोबरच्या एका वृद्ध गृहस्थांस तशाच अंगठीनें गांठलें, आणि ते त्या बोलण्यांत गुंतले असतां कोणा साथीदारानें त्यांचें पाकीट लांबविलें. त्यांचे पैसे चोरानें नेले हें खरें. परंतु कांहीं अंशीं ते आमच्या मौनामुळेंही गेले, हें आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

माँमार्त्र टेकडीवर साक्रे-केर नांवाचें शुभ्र घुमटांचें देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांपाशीं कांहीं तरुण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. हंसून, गोड बोलून ते आपल्या मनगटास अथवा बोटास दोरा गुंडाळतात, गांठ मारतात व मग त्याची भारी किंमत मागतात. राखी बांधून घेण्याची संवय असलेला आपला हात तेथें सहज पुढें होतो. म्हणून त्या पायऱ्या चढतांना हात खिशांत अथवा छातीशीं धरावे. मोठ्या स्थळांजवळ कोणी मुली कागद पुढें करून मुक्याबहिऱ्यांच्या नांवानें सही मागतात. सही झाली कीं वर्गणी मागतात, आणि कागद आपल्या डोळ्यांखालीं असतां त्याच्या आडून दुसरा हात आपल्या पिशवींत शिरतो. आयफेल मनोऱ्याच्या परिसरांत तीन वाट्या व एक गोळी यांचा खेळ मांडलेला दिसतो. आपल्यादेखत एकदोघे जिंकतात. ते खेळविणाऱ्याचेच सोबती असतात. त्या देशांत हा जुगार कायद्यानें मना आहे. तेथें पाहत उभें राहणेंही बरें नव्हे, कारण बघ्यांच्या गर्दींत खिसेकापू फिरत असतात.

खिसेकापूंचें खरें क्षेत्र मात्र भुयारी रेल्वे, म्हणजे मेट्रो, आणि प्रसिद्ध संग्रहालयें हें होय. त्यांचा उपद्रव इतका वाढला कीं, एप्रिल २०१३ मध्यें लूव्र संग्रहालयाच्या नोकरवर्गानेंच काम थांबविलें व संग्रहालय एक दिवस बंद राहिलें. मेट्रोंत दरवाजा मिटण्याच्या क्षणीं हातांतील मोबाईल हिसकून चोर बाहेर उडी मारतो; म्हणून दाराजवळ बसून फोन पाहूं नये. पासपोर्ट, सर्व रोकड व सर्व कार्डें एकाच पिशवींत ठेवूं नयेत. पासपोर्टाची एक प्रत निराळी ठेवावी.

विमानतळावर उतरतांच ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत कोणी जवळ आल्यास त्याच्यामागें जाऊं नये. पाटी लावलेल्या रांगेंत उभें राहावें. शार्ल द गोल विमानतळापासून शहरांत येण्याचा टॅक्सीचा दर सरकारनेंच ठरविलेला असतो. २०२४ सालीं तो सीनच्या उजव्या तीरास ५६ व डाव्या तीरास ६५ युरो होता. निघण्यापूर्वीं चालू दर पाहून घ्यावा, म्हणजे कोणी शंभर मागितले तर आपण जागे असूं. कोणी साध्या वेषांत येऊन, आपण पोलीस आहों, पाकीट दाखवा, असें म्हणेल, तर पाकीट काढूं नये. त्याचें ओळखपत्र पाहण्यास मागावें व जवळच्या चौकींत येण्याची तयारी दाखवावी. तोतया असेल तर तो तेथूनच पाय काढील.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं, ते शहर चोरांचेंच आहे. तसें मुळींच नाहीं. वाट चुकलेल्या परक्यास थांबून मार्ग दाखविणारीं माणसें तेथेंही पुष्कळ आहेत. सज्जन व ठक ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे: प्रथम कोण कोणाकडे गेलें? आपण होऊन ज्यास विचारूं तो बहुधा भला निघतो. विनाकारण जो आपणांस येऊन गांठतो, त्याजपाशीं सावध असावें. ‘नों, मेर्सी’, म्हणजे ‘नको, आभारी आहें’, इतकें बोलून चालूं लागावें. यांत उद्धटपणा नाहीं. दया करावयाची असेल तर ती आपण निवडलेल्या वेळीं व स्थळीं करावी. रस्त्यांत कोणी घाई करतो म्हणून करूं नये.

इतकी दक्षता घेऊनही कोणी फसला तर काय करावें? प्रथम बँकेस कळवून कार्ड बंद करवावें. नंतर पोलिसांकडे फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्यावी. विम्याच्या कामीं ती लागते. त्या देशांत पोलिसांसाठीं १७ व युरोपांत कोणत्याही संकटासाठीं ११२ हा क्रमांक आहे. पासपोर्ट गेल्यास तीच प्रत घेऊन पॅरिसमधील भारतीय वकिलातींत जावें. आणि त्याच दिवशीं घरीं सांगावें.

या शेवटच्या कलमाविषयीं पालकांस आमची विनंति आहे. दूर देशीं शिकणारा मुलगा अथवा मुलगी कांपत्या आवाजांत, ‘बाबा, पैसे गेले,’ असें सांगेल, तेव्हां पहिला शब्द रागाचा नसावा. रागाच्या भीतीनें मूल एक रात्र गप्प बसतें, आणि त्या एका रात्रींत चोर उरलेलेंही नेतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण इतरत्र खरी असेल. येथें मात्र झाकलेल्या मुठीचा लाभ ठकासच होतो. विद्यार्थिमित्रांनो, फसणें ही लाजेची गोष्ट नव्हे. आपली ठेच मागच्यास सांगा, म्हणजे तो तरी शहाणा होईल.